हाताविना पडदा

"आत काही गेल्याशिवाय बाहेर काही येत नसतं, पोरी. यंत्राला थापा मारता येत नाहीत." उस्तादांचा हा आवाज वीस वर्षं तिच्या कानात मुक्कामाला होता. रेडिओ गेले, मोबाइल आले, उस्तादही गेले. दुरुस्तीचं दुकान मात्र तिनं त्या एका बोलावर चालवलं.

भर दुपारी एक गृहस्थ आले. रुमालात गुंडाळलेला फोन त्यांनी काउंटरवर ठेवला.

"मुलीचा आहे. घराला आग लागली तेव्हा बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता, म्हणून वाचला. ती आतल्या खोलीत होती. झोपेतच गेली, धुरानं. कळलंसुद्धा नाही तिला."

"आणि फोनला काय झालंय, काका?"

"कुणी हात न लावता चालतो. सगळं पुसून टाका. तिच्या आईनं बघायच्या आत."

"काचेत दमट हवा शिरली की अंगात येतं फोनच्या," ती हसली. "मंत्र नको, पुसायला फडकं पुरे."

तिनं स्पर्शाची चाचणी लावली. काळा पडदा, बोट टेकेल तिथं पांढरा ठिपका. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बघत बसली.

मधोमध ठिपका उमटला. मग तिथंच आणखी दोन. जरा थांबून पुन्हा तीन.

तिनं काच पुसली, वाळवली. मागचं झाकण उघडून स्पर्श कळवणारी पट्टी सोडवली. स्वतःचं बोट दाबून पाहिलं. पडदा ढिम्म.

बोट उचललं, आणि ठिपके आले.

आता घाईघाईनं. मोठे, मुठीएवढे. मग पाच बोटं. मग दहा. काच कोमट लागू लागली.

"पुसा म्हणतोय ना!" गृहस्थ ओरडले. "तुम्हाला काय करायचंय बघून?"

तिनं फोन स्वतःकडे ओढला.

"नाही पुसणार."

"माझ्या मुलीचा फोन आहे तो!"

"म्हणूनच नाही. मी बिघाड काढते, काका. कुणाचं तोंड दाबत नाही."

तिनं फोन त्यांच्याकडे फिरवला.

दहा रेघा वरून खाली आल्या. सावकाश. तळाशी पोचून थांबल्या.

गृहस्थांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"जागी होती ती," ते म्हणाले. "दार बडवत होती. पळून जाईल म्हणून बाहेरून कडी मीच घातली होती."