तळमजल्याचा नकाशा

ऑफिसात तिला सगळे मोजणीताई म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. काम तसं साधं होतं. इमारतीचे जुने नकाशे ज्या प्रोग्रामात काढले होते तो कधीच इतिहासजमा झाला होता. ते नव्या प्रकारच्या फाईलीत बदलायचे आणि अहवालाच्या पानात बसवायचे. बाकीचे बटण दाबून मोकळे होत. ही मात्र बदलण्याआधी नकाशातल्या वस्तूंचा, म्हणजे एकेका रेघेचा-आकृतीचा, आकडा बघायची, बदलल्यावर पुन्हा बघायची. दोन्ही जुळले की वहीत टिक करायची आणि जुनी फाईल कायमची पुसायची. बदलताना रेघा गळतात, कागदाच्या चौकटीबाहेर गेलेला भाग सफाईने कापला जातो, हे तिने सोसलं होतं. ताकही फुंकून पिणारी बाई.

हे नकाशे तिच्या वडिलांनी काढलेले होते, याच इमारतीत बसून. एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी गेटवरच्या रजिस्टरात सही केली, आत आले आणि घरी परतलेच नाहीत. ‘बाहेर’चा रकाना कोरा राहिला. पोलिसांनी गच्चीपासून तळघरापर्यंत सगळं पालथं घातलं. आईने तेव्हापासून दिवसा घराच्या दाराला कडी लावलेली नव्हती.

आता सोमवारी इमारत पाडायची होती आणि अहवाल शुक्रवारी चारपर्यंत द्यायचा होता.

शुक्रवारी सकाळी तिने पाचव्या मजल्याचा नकाशा बदलला. आधी चारशे बारा वस्तू होत्या. नंतर चारशे तेरा झाल्या.

गळती तिच्या सवयीची होती. वाढ तिने कधी पाहिली नव्हती.

“ताई, एखादी रेघ जास्त झाली तर काय आभाळ कोसळणार आहे?” साहेब दारातूनच म्हणाले. “इमारतच राहायची नाहीये.”

“तुम्ही व्हा पुढे, साहेब. मी बघते.”

जास्तीची वस्तू पॅसेजच्या टोकाला सापडली. नखाएवढा एक माणूस होता. वडील नकाशात माणसं कधीच काढत नसत. माणसं येतात-जातात, भिंती राहतात, असं त्यांचं म्हणणं. तिने चित्र मोठं केलं. ही चित्रं रेघांच्या हिशोबाने साठवलेली असतात, कितीही मोठी केली तरी फुटत नाहीत. डावा खांदा किंचित उतरलेला दिसला. त्या काखेत कागदांची गुंडाळी होती. आणखी मोठं केल्यावर शर्टाची बटणं दिसली. सगळ्या बटणांना सरळ टाके होते, वरून दुसऱ्याला मात्र फुलीचा.

तो टाका तिने घातला होता. तेव्हा ती सातवीत होती आणि नुकतीच शिवायला शिकली होती.

तिने खुर्ची मागे सरकवली, घोटभर पाणी घेतलं आणि चौथ्या मजल्याची फाईल उघडली. माणूस जिन्याजवळ होता. पाचव्या मजल्याचा आकडा आता पुन्हा चारशे बारा झाला होता. तिसऱ्या मजल्यावर तो जिन्याच्या वळणावर होता. दुसऱ्यावर आणि पहिल्यावरही तेच. ती जो नकाशा उघडी, त्यात तो असे, आणि मागच्यातून गेलेला असे. तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला रडू येत होतं, आणि रडता रडता ती त्यांच्या मागोमाग उतरत होती.

तळमजल्यावर तो मुख्य दाराशी उभा होता, तोंड भिंतीकडे करून.

तिने दार मोठं करून पाहिलं तेव्हा तिला कळलं. नकाशात दार दाखवायचं तर भिंतीची रेघ तिथे तोडावी लागते. वडिलांनी दाराची पाकळी, म्हणजे उघडणारी फळी, काढली होती, पण तिच्याखालची भिंतीची रेघ तोडायची राहून गेली होती. भिंत सलग होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाने स्वतःला बाहेर पडायला जागाच ठेवली नव्हती.

“एवढंच ना, बाबा?” ती पुटपुटली. तिने दाराच्या रुंदीएवढी रेघ तोडली, फाईल साठवली, बंद केली, पुन्हा उघडली.

तो उंबरठ्यावर होता.

पुन्हा उघडली तेव्हा पायऱ्यांवर होता.

तिसऱ्यांदा कागदाच्या उजव्या कडेवर होता. आता त्याचं तोंड तिच्याकडे वळलेलं होतं.

“ताई, चार वाजले!” साहेब ओरडले. “पाठवतो आहे मी. द्या तळमजला.”

बाबा सुटले, एवढंच तिच्या मनात होतं. तिने बदलण्याचं बटण दाबलं. आधी दोनशे अठ्ठ्याऐंशी. नंतर दोनशे अठ्ठ्याऐंशी. आकडे जुळले. हाताच्या सवयीने तिने टिक केली आणि जुनी फाईल पुसली. साहेबांनी अहवाल पाठवूनही दिला.

मग तिने पानातलं चित्र नीट पाहिलं.

माणूस कडेवर होता. कागदाच्या आत होता तेवढाच होता. एक खांदा, एक पाय, अर्धा चेहरा. चौकटीपलीकडे गेलेलं सगळं, गुंडाळीच्या काखेसकट, सफाईने कापलं गेलं होतं.

मोजणीत अर्ध्या वस्तूचाही आकडा एकच येतो.

तिने पुसलेल्या फाईली धुंडाळल्या. तिथे काही नव्हतं.

फोन वाजला. आई होती. आवाज हलका, कित्येक वर्षांत ऐकला नव्हता असा.

“अगं, बाबा आलेत तुझे. दारात उभे आहेत.”

फोन कानाशी धरूनच तिने पडद्यावरचं चित्र पुन्हा पाहिलं.

“काखेत ती गुंडाळी आहे बघ, तेवढीच बाजू दिसतेय. या म्हटलं तर नुसते बघतात.” पलीकडे दार करकरलं. मग आई दबक्या आवाजात म्हणाली, “मी दार पूर्ण उघडलंय गं. तरी अर्धेच दिसतायत.”