दर गुरुवारी तीन अंश

तो पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा माझं डोकं तेलानं चपचपलेलं होतं. मला वाटलं कुरिअरवाला. निघाला माशांचा डॉक्टर!

"खाऱ्या पाण्याची टाकी इथेच ना? तुमच्या दादांनी पाठवलंय. दर गुरुवारी पाणी तपासायला."

दादा तीन महिने परगावी गेला होता आणि जाताना ही टाकी माझ्या गळ्यात बांधून गेला होता. त्यातली केशरी माशांची जोडी त्यानं आठ वर्षं पोटच्या पोरांसारखी जपलेली. त्यानं मोजलं, पाणी सव्वीस अंश निघालं.

"छान आहे," तो म्हणाला. पाण्याबद्दल म्हणाला असणार... पण बघत माझ्याकडे होता. की माझ्या तेलकट वेणीकडे? मला काही सुधरेना.

पुढच्या गुरुवारी पाणी एकोणतीस!

मग त्याचा आणि माझा, दोघांचाही गोंधळ सुरू झाला. एका गुरुवारी त्यानं हीटर बदलला, दुसऱ्या गुरुवारी पंप उघडला, दिवे निम्मे केले. पाणी पुन्हा एकोणतीस. आणि मला वाईट वाटायला हवं होतं, तर मी त्याच्या चहात दूध जास्त झालं का ते बघत होते.

आज मात्र मादी पाण्याच्या वर येऊन धापा टाकत होती.

मी रोजचे आकडे लिहायचे ती नोंदवही त्यानं उघडली. "शुक्रवारी सव्वीस, सोमवारी सव्वीस... फक्त गुरुवारी चढतं. म्हणजे—मी आलो की?"

"पाण्यालाच विचारा."

तो हसला, कानापर्यंत लाल झाला आणि घाईघाईनं टाकीमागे डोकावला. "इथे काठावर चिमट्याची खूण आहे. पहिल्या दिवशी माझं इकडे लक्षच नव्हतं. काय लावलेलं असतं?"

"दादाचा छोटा पंखा. त्याला फार उकडतं ना."

"अहो, तो दादांसाठी नाही, माशांसाठी आहे! वरून वारा लागला की थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं गार होतं. कुठाय तो?"

"आत. माझ्या खोलीत."

"रोज?"

"नाही... फक्त गुरुवारी." मी आत पळाले, पंखा आणला. त्यानं तो काठावर अडकवला, पाण्यावर बारीक लाटा उठल्या.

"पण गुरुवारीच का?"

खोटं बोलता आलं असतं. पण पुन्हा असंच झालं तर ती बिचारी जगायची नाही.

"गुरुवारी मी न्हाते. केस दाट आहेत, लवकर वाळत नाहीत. आणि तुम्ही... चारला येता."

हातातला स्क्रू-ड्रायव्हर त्यानं खिशात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. आम्ही दोघं तापमापकाच्या आकड्याकडे बघत बसलो. साडेअठ्ठावीस व्हायला तासभर लागला. मादी हळूच खाली गेली, नराच्या शेजारी.

"बिघाड सापडला," मी म्हणाले. माझा आवाज उगाच बारीक झाला. "आता पाणी मीही तपासू शकते. तुम्हाला यायची गरज नाही."

तो पिशवी उचलून दारापर्यंत गेला. तिथेच थांबला, बुटांकडे बघत.

"गरज नसली तरी येईन. पण पंख्याला हात लावू नका." मग पहिल्यांदाच थेट माझ्या डोळ्यांत बघून तो म्हणाला, "केस ओले असले तरी चालतील... आणि पहिल्या दिवशीसारखं तेल असलं, तरीही."