डाव्या पायाचा माईक

“अहो, पाय सांभाळा! माईक आहे तो.”

पाम्पाच्या गवताळ मुलखातल्या आमच्या मालाम्बो या पायांच्या ठेक्यावरच्या नाचाच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस. सहा दिवस स्पीकर-माईक सांभाळून मी इतकी शिणले होते, की उभ्या उभ्या झोप लागली असती. आणि हा स्पर्धक, एलिसेओ, ओणवा होऊन माझ्या लांबुडक्या शॉटगन माईककडे बघतोय!

“माझ्या पायांवर बंदूक का रोखलीस, आयलिन?” गळ्यातल्या बिल्ल्यावरचं माझं नाव वाचलं होतं त्याने.

“नाचणाऱ्या पायाला माईक बांधता येतो का? म्हणून लांबून.”

“मग आवाज वाढव ना. कातड्याचे मऊ बूट, बोटं उघडी... गेल्या वर्षी परीक्षकांना पावलंच ऐकू गेली नाहीत.”

“दुर्बीण नाही ही, राजा. समोर येईल ते सगळं गिळते. तुझ्यामागचा स्पीकर चालू असला, तर साथीची गिटारच ऐकू येईल.”

“बंद कर.”

“आणि तुला ताल?”

“घेईन कान देऊन.” तो हसला... थकलेलं हसू. “डावा गुडघा गेलाय. हे शेवटचं वर्ष. एकदा लोकांना माझे पाय नीट ऐकू देत – बस्स.”

त्याने ‘माते’ नावाच्या आमच्याकडच्या कडू चहाचा तुंबा पुढे केला. नळी एकच. मी प्यायले.

संध्याकाळी मी गिटारवाले बाजूला बसवले, स्पीकर बंद केला, दोन पायांवर दोन माईक रोखले. तो नाचला... देवा, काय नाचला! हेडफोनमध्ये प्रत्येक पाऊल मला ऐकू येत होतं. तिसऱ्या मिनिटाला डावं हलकं पडू लागलं. डाव्या माईकचा आवाज किंचित वाढवला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. बटणावर बोट ठेवलंही... आणि काढलं. माझे डोळे भरून आले.

तो दुसरा आला.

मी केबली गुंडाळत होते, तेव्हा लंगडत आला.

“डावा वाढवला नाहीस ना?”

“नाही. रागावलास?”

“वाढवला असतास तर रागावलो असतो. दुसरा तर दुसरा – माझ्याच पायांनी आलो.”

“एलिसेओ, मला तू आवडतोस. फार. पण इतकी दमलेय, की धड लाजताही येत नाही.”

“मलाही तू... आणि मला तर पळताही येत नाही!”

तो शेजारी बसला नि एक केबल कोपराला गुंडाळू लागला. आमच्या धंद्यात हा गुन्हाच, आतली तार पिळून तुटते! मी त्याचे हात धरले. शिकवायला म्हणून धरले खरे, पण सोडलेच नाहीत.