ओ आली नाही तर

"हाक मारायची, थांबायचं. ओ आली नाही तर शेजाऱ्यांना विचारायचं. तरी कळलं नाही, तर उठून बघायला जायचं."

संगणक विभागातल्या वरिष्ठ दादांनी शिकवलेलं हे काम ताईला तोंडपाठ होतं. इस्पितळातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरून हाक मारून ते धडधाकट आहे ना, हे तपासणारा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. नोकरीत नवी असताना ती तळघरातल्या ऑफिसात एकटी बसायला घाबरायची. तेव्हा ते हसून म्हणाले होते, "तुझी ओ आली नाही, तर मी स्वतः जिना उतरून येईन. शब्द दिला."

गेल्या वर्षी दादा गेले. वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीला कुलूप लागलं, संगणक भंगारात गेला.

आणि सोमवारपासून त्यांच्या प्रोग्रामच्या हाकेने यंत्रं बंद पडू लागली. आधी प्रिंटर, मग रक्त तपासायचं यंत्र. ताईचा संशय नव्या इंजिनिअरवर.

"हाकांमधलं थांबणं तुम्हीच काढलंत ना? असा सलग मारा यंत्रांना झेपत नाही."

"हातसुद्धा लावला नाही, ताई. माझ्या नावावर बिल फाडू नका."

तिने उघडून पाहिलं. थांबणं जागच्या जागी होतं. तरी तिने ते दुप्पट केलं.

दुपारी इंजिनिअरचा फोन आला. "प्रोग्राम बंद करा आधी! अतिदक्षता विभागात तुमच्या आईंचं श्वासाचं यंत्र अडखळतंय. नर्स हाताने हवा देतेय."

ताईने प्रोग्राम बंद केला. मग तो ज्या मशीनवर चालायचा, त्याची वायरच उपटली.

"केलं बंद."

"मग हाका कोण मारतंय?"

तिने स्वतःच्या पडद्यावर पाहिलं. हाका वरून येत होत्या, त्या कुलूपबंद खोलीतून. प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न, श्वास न घेता: हा संगणक कुठे आहे?

प्रश्नातला नंबर तिच्याच संगणकाचा होता.

सोमवारी, सुरक्षेच्या नव्या नियमाप्रमाणे, तिने त्याचं ओ देणं बंद केलं होतं.

ते पुन्हा चालू करायला तिने हात पुढे केला. बोट अडलं. ओ द्यायची, पण कोणाला? मग आईचा चेहरा आठवला आणि तिने बोट टेकवलं.

पण त्याआधीच हाका थांबल्या होत्या.

"सुटलो, ताई!" फोनवर इंजिनिअर हसला. "आईंचं यंत्र सुरळीत चाललंय. मी वरच आहे. दादांच्या खोलीचं कुलूप तुम्ही काढलंत का? दार सताड उघडंय."

ताईने जिन्याकडे पाहिलं.

जिन्यावर चपला वाजल्या. सावकाश. दादांसारख्याच, प्रत्येक वळणावर दम खायला थांबत.

तिने ओ द्यायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

चपला पुन्हा उतरू लागल्या.