एका श्वासाची माणसं

काचेच्या टाकीत, पाण्याच्या तळाशी, एक उंदीर चालत होता. पोहत नव्हता, धडपडतही नव्हता. घरात फिरावं तसा वाळूवरून हिंडत होता. हेमांगी कुबलने गंमत म्हणून त्याच्याबरोबर श्वास रोखून पाहिला. दोनदा हरल्यावर तिने नाद सोडला. उंदीर मात्र स्वतःभोवती एक गिरकी घेऊन आरामात खाली बसला.

"अजून बराच वेळ राहील," डॉ. यशवंत पराडकर म्हणाले. "कंटाळला की येईल वर."

प्रयोगशाळेत हेमांगीला मुद्दाम बोलावलं होतं, कारण ती 'तळवीर'ची आई होती. तळवीर म्हणजे तासभर श्वास न घेता समुद्रात राहणारा आणि बुडणाऱ्यांना वर काढणारा चित्रकथांचा नायक. त्याच्यामागे कुठलाही मोठा प्रकाशक नव्हता. हेमांगी एकटी लिहायची, एकटी काढायची आणि मालवणातल्या एका छापखान्यातून छापून घ्यायची. तरीही जत्रेत नवा अंक आला की पोरं गोड खाज्याची दुकानं सोडून तिच्या टेबलाभोवती गोळा व्हायची. त्या पोरांतलंच एक मोठं होऊन हा तरुण डॉक्टर झालं होतं.

"हे सगळं तुमच्यामुळे सुचलं, ताई," पराडकर म्हणाले. "सकीना, तू सांग त्यांना."

त्यांची सहकारी डॉ. सकीना मुकादम टाकीपाशी आली. "देवमासा एवढा वेळ दम धरतो तो छातीत नाही, स्नायूंत. मायोग्लोबिन नावाचं प्रथिन तिथे प्राणवायू साठवून ठेवतं. आपल्यातही ते असतं, पण थोडं. फार दाटलं तर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गोळे होतात. देवमाशाच्या रेणूंवर विद्युतभार जास्त असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात. कितीही दाटले तरी चिकटत नाहीत."

"तोच जनुक आपण मुलांना द्यायचा," पराडकर म्हणाले.

"पण तेवढ्याने भागत नाही, यशवंत. मूल घाबरून वर येईलच. गुदमरतं ते प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. त्याची घंटा मेंदूत वाजते. ती घंटा आपण खूप उशिरा वाजायला लावतो, हे आईबापांना सांगायला हवं."

"मला मिळेल का हे?" हेमांगीने विचारलं.

"नाही, ताई," सकीना हळूच म्हणाली. "स्नायू घडत असतात तेव्हाच. जन्मानंतर वर्षभराच्या आत."

समुद्र तेव्हा दरवर्षी किनारा खात होता. उधाण घरात शिरायचं आणि जाताना लेकरं घेऊन जायचं. या उपचाराला लोकांनी 'दमपेरणी' असं नाव दिलं होतं, पण तान्ह्या बाळाला सुई टोचून घ्यायला कुणी धजत नव्हतं. डॉक्टरांना वाटत होतं की तळवीरने सांगितलं तर लोक ऐकतील.

हेमांगीने जीव ओतून तो अंक काढला. शेवटच्या पानावर तळवीर एका बाळाला छातीशी धरून म्हणत होता, "उद्या हा माझ्यासारखा होईल." पुढच्या वर्षी दमपेरणीच्या केंद्राबाहेर आया रांगा लावून उभ्या राहिल्या.

ती पिढी मोठी झाली. हेमांगीचं गाव, जुनं देवबाग, पाण्याखाली गेलं आणि त्याच जागी खांबांवर नवं देवबाग उभं राहिलं. शेती, कारखाने, बाजार, सगळं समुद्राच्या तळाशी सरकलं. ज्यांच्यात दम पेरलेला नव्हता त्यांना तिथे काम उरलं नाही. ते एकेक करून घाट चढून गेले. पराडकर वारले. सकीना मुलीकडे कोल्हापूरला राहायला गेली. शेवटी शेजारचा बबन तारीसुद्धा निघाला.

"तूपण चल गो," तो म्हणाला. "हय कोणासाठी रवतंस?"

"इथेच राहते. तळवीरचा अंक अर्धा राहिलाय," हेमांगी म्हणाली.

खरं तर अंक कुणी घेत नव्हतं. आधी तिला वाटलं, पोरांना आता चित्रकथाच आवडत नसतील. पण इतर कथा त्यांच्या हातात असायच्या. तिने तळवीरचा दम वाढवला, त्याला विजेचा पट्टा दिला, शत्रू बदलले. काही उपयोग झाला नाही. मग शाळेने एकदा तिला बोलावलं. सत्तरी गाठलेली हेमांगी सगळ्यांत गाजलेला अंक घेऊन गेली. मुलांनी तो शांतपणे वाचला. जुई नावाच्या मुलीने हात वर केला.

"आजी, हा त्या माणसांना ओढून वर का नेतो?"

"म्हणजे?"

"ती खाली होती ना? मग त्यांना विचारलं का याने?"

"दांडगाच आहे हा," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. बाईंनी मुलांना गप्प केलं, पण हसू त्यांच्याही ओठांवर होतं.

हेमांगी घरी आली आणि तिने दौत बंद करून ठेवली. तळवीरला पोरं विसरली असती तर तिला एवढं लागलं नसतं. वाट अडवणारा, उगाच लोकांना छळणारा म्हणून तो त्यांच्या लक्षात राहणार होता. त्यानंतर कितीतरी दिवस ती कुणाशी बोलली नाही. बोलायला तसं कुणी नव्हतंही. दिवसा गाव रिकामं असायचं. माणसं पाण्याखाली असायची आणि वर फक्त वारा, घारी आणि ती.

अशाच एका सकाळी धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून तिचा पाय घसरला.

तिला पोहता येत होतं. पण खाली कालवांचे शिंपले वाढवायच्या दोऱ्या होत्या आणि तिचा घोटा त्यांत अडकला. ती खाली झुकून दोरी ओढू लागली, पण बोटं बधिर झाली होती. डोक्यावर हातभर अंतरावर उजेड होता. तिने वर उसळी घेतली, पण दोरीने तिला परत खाली खेचलं.

तळाशी पोरं खेळत होती. त्यांच्यातली एक तिच्याकडे येऊ लागली. जुई! हेमांगीला इतका आनंद झाला की उरलीसुरली हवा तिच्या तोंडातून निसटली. तिने मुलीचा दंड गच्च धरला.

जुई हसली. तिने आजीचा हात हळूच सोडवून आपल्या हातात घेतला आणि तिच्या शेजारी खडकावर बसली. आजीला सोबत हवी आहे, हे तिला कळलं होतं. डोळे विस्फारलेली, तोंड उघडलेली, पाय झाडणारी ती म्हातारी संकटात आहे असं तिला वाटलंच नाही. गुदमरणाऱ्या माणसाचा चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. तिच्या आईनेही पाहिला नव्हता.

हेमांगीने हात हिसकावून घेतला आणि दोन्ही हातांनी घोट्याचं कातडं सोलत पाय ओढून काढला. पायरीला धरून ती वर आली आणि खारं पाणी ओकत पडून राहिली. पाण्यातून जुईचं डोकं वर आलं.

"आजी, इतक्यात का वर आलात?"

हेमांगी लंगडत, मागे न बघता घराकडे निघाली.

संध्याकाळी जुई आपणहून तिच्या घरी आली. आजी रागावल्या असं तिला वाटत होतं. "मी आईला सांगितलं, आज आजी माझ्याबरोबर बुडल्या. आईला किती बरं वाटलं! म्हणाली, त्या एकट्याच बसून असतात."

"जुई, बुडणं म्हणजे काय गं?"

"खाली जाणं," मुलगी म्हणाली. याहून सोपा प्रश्न कुठला असेल!

तळवीरचे सगळे अंक वाचायला लावले असते, तरी या मुलीला त्यांतलं एक पान कळलं नसतं. हेमांगीने जुईला जवळ बसवलं आणि तिचा तळवा आपल्या छातीवर ठेवला. "हात काढू नकोस," म्हणत तिने श्वास रोखला.

जुई आधी खिडकीबाहेर बघत होती. मग तिच्या तळव्याखाली धडधड वाढली. आजीच्या मानेच्या शिरा ताठल्या, ओठांचा रंग बदलला, बोटं चटईत रुतली. जुईने वळून आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सकाळचाच चेहरा होता तो.

"आजी, सोडा! श्वास घ्या, आजी!"

हेमांगीने घशातून आवाज करत हवा आत ओढली. जुई रडायला लागली होती.

"एवढाच?" तिने विचारलं. "तुमच्यात एवढाच दम असतो?"

"एवढाच."

"मग तळवीर... त्या सगळ्या माणसांत एवढाच होता?"

हेमांगीने मान डोलावली. जुईने नाक पुसलं आणि ती आजीला बिलगून बसली.

"आजी, गावात आणखी कोण आहेत तुमच्यासारखे?"

हेमांगीने समोरच्या घरांकडे पाहिलं. एकेक माणूस आठवून पाहिला.

"कुणी नाही गं," ती म्हणाली. "मीच."