आधी पोहोचणारा आवाज

नाशिकच्या वडाळा नाक्यावर अब्बास मिस्तरीचं सायलेन्सरचं दुकान तीस वर्षांचं. बुलेटवाली पोरं येऊन म्हणायची, आतली जाळीची नळी काढून टाका, गाडी गरजली पाहिजे. अब्बास त्यांना हाकलून द्यायचा. “जाळी काढायला हातोडी पुरते. आवाज घडवायला कान लागतो.”

जीवन गांगुर्डेचं मात्र त्याने ऐकून घेतलं. जीवन जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, रोज नाशिकहून हरसूलला जाणारा. घाटातल्या एका वळणावर समोरच्या जीपवाल्याला त्याची गाडी ऐकूच आली नव्हती. पायात अजून सळई होती.

“चाचा, आवाज मोठाच पाहिजे. त्याच्यावर माझा जीव अवलंबून आहे.”

समोरच्या प्रसूतिगृहातल्या प्रतिभा सिस्टर पायरीवर उभ्या होत्या. “आणि आमच्या बाळांचं काय? एक फटफटी गेली की अख्खा वॉर्ड रडतो.”

“दोघांचंही होईल,” अब्बास म्हणाला.

अकरा दिवस लागले. नळीला भोकं पाडली, काही बुजवली, पुन्हा पाडली. शेवटी जो आवाज निघाला तो खर्जातला, भरदार, लांबून कळणारा; आवाज मोजायच्या मीटरवर मात्र कायद्याच्या आत. वॉर्डात एकही बाळ दचकलं नाही. सिस्टरांनी रस्ता ओलांडून पेढा आणून दिला. असं काम नाशकात दुसऱ्या कुणाला जमणार नाही, हे त्या दिवशी अब्बासला पक्कं ठाऊक झालं.

महिन्याभराने जीवन हसत सांगत आला. हरसूलच्या बाजारात भाजी विकणाऱ्या सरुबाई त्याला म्हणाल्या होत्या, “तुझी गाडी लय आधी ऐकू येते. आम्ही बाजूला सरून उभं राहतो, मंग तू येतो.”

“आधी म्हणजे किती?”

“दोन मिनिटं म्हणे.”

अब्बासने ते कौतुक म्हणून घेतलं. पण काही महिन्यांनी एका संध्याकाळी दुकानासमोर गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला, म्हणून तो हात पुसत बाहेर आला. रस्ता मोकळा होता. जीवन दहा मिनिटांनी पोहोचला. पुढच्या आठवड्यात अर्ध्या तासाने. सिस्टरही पायरीवर येऊन रिकाम्या रस्त्याकडे बघायच्या. अब्बासला भीती वाटायला हवी होती. त्याला वाटायचा अभिमान. आपला आवाज माणसाच्या पुढे चालतो.

मग तो गुरुवार. दुपारचे साडेतीन. आवाज रस्त्याच्या टोकाकडून आला, दुकानाअलीकडच्या वळणावर चढला आणि तुटला. इंजीन बंद करताना खाली उतरत जातो, तसा नाही. भर जोरात असताना, मधूनच.

वळणावर फक्त ऊन होतं.

अब्बासने फोन लावला.

“कुठे आहेस?”

“हरसूललाच, चाचा. आत्ता किक मारतोय.”

“मारू नकोस.”

“काय झालं?”

“गाडी तिथेच ठेव. एसटीने ये. माझी शपथ.”

पलीकडे किल्ली काढल्याचं ऐकू आलं. मग जीवन हळूच म्हणाला, “बरं.”

दुसऱ्या दिवशी अब्बासने टेम्पोतून गाडी आणवली आणि स्वतः सायलेन्सर उघडला. सहा महिने धूर सोसलेली नळी. तिच्यावर काजळीचा ठिपका नव्हता. भोकांच्या कडा कानशीने घासल्या त्या दिवसासारख्या चमकत होत्या. भंगारात टाकायला ती त्याने दोनदा उचलली. हात धजला नाही. कागदात गुंडाळून त्याने ती कपाटात ठेवली.

संध्याकाळी जीवन लंगडत आला. दोघं दुकानाबाहेरच्या बाकावर चहा घेत बसले. सायलेन्सर काढलेली गाडी समोरच उभी होती.

तेवढ्यात वळणाकडून तो आवाज आला. खर्जातला, भरदार. केसाइतकाही फरक नव्हता. अब्बासची मान आपोआप ताठ झाली. आवाज दुकानाशी आला, मंद झाला, थांबला. स्टँड खाली पडल्याचा खटका झाला. मग रिकाम्या रस्त्यावरून पावलं. जीवनसारखाच एक पाय किंचित ओढत.

जीवनने कप खाली ठेवला आणि वर न बघता बाकावर सरकून शेजारी जागा करून दिली.