भिंगरीचं घड्याळ

सकाळची कामं आटोपली आणि भिंगरीची आई लेकीचं बंद पडलेलं घड्याळ रुमालात गुंडाळून जिन्याखालच्या घड्याळजीकडे निघाली. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? घड्याळं बंद पडतातच. पण ही बाई वाटेने रडत होती, आणि तेही कुणाला कळू नये असं, तोंड घट्ट मिटून.

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं.

"सेल फुटलाय, मावशी. मशीन पार गंजलं. आतलं सगळं बदलावं लागेल." मग हसला. "त्यापेक्षा नवं घ्या की. असली स्वस्तातली घड्याळं कुणी दुरुस्त करतं का? टाकून देतात."

"टाकायचं नाही."

"बरं बाई, नका टाकू. पट्टा नाजूक दिसतोय. लेकीचं का?"

"लेकीचं."

"मग तिलाच विचारा ना, नवं हवं की हेच."

आईने रिकाम्या रुमालाची घडी घातली. "विचारून येते," एवढंच बोलली आणि घड्याळ तिथेच ठेवून घरी वळली.

भिंगरी हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची, म्हणून बापाने ठेवलेलं. शिवणकारखान्यात कामाला होती. कारखान्याची बस कोपऱ्यावर यायची, हॉर्न द्यायची, जेमतेम थांबायची. म्हणून पोरीने घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे लावलेलं. तरी मेलीला रोज उशीर! पाठीवर ओले केस, हातात डबा, "आई, चुकणार गं बस!" करत पळायची. गेल्या वर्षी अशीच पळाली, आणि त्याच कोपऱ्यावर, त्याच बसखाली...

लोकांनी घड्याळ आणून दिलं. चालू होतं. काचेला साधा तडा नव्हता. चप्पल मात्र एकच मिळाली. दुसरीसाठी बापाने गटारातही हात घातला. नाहीच सापडली.

आईने ती एक चप्पल उंबऱ्याशी ठेवली आणि घड्याळ आरशाजवळच्या खिळ्याला अडकवलं.

थोड्या दिवसांतच सुरू झालं. झुंजूमुंजू झालं की न्हाणीतला नळ आपोआप सुटायचा. साबणाचा वास यायचा, तिच्याच साबणाचा. मग पावलं... चट्... आणि मग नुसता ओला तळवा. चट्... आणि तळवा. एकाच पायात चप्पल घालून कुणी पळावं तशी, थेट दारापर्यंत. कोपऱ्यावर हॉर्न वाजला की सगळं गप्प. आई अंथरुणात डोळे मिटून ऐकत पडायची. भीती? पोटच्या पोरीची कसली भीती! तेवढं कानावर पडलं की तिचा दिवस निभायचा.

आज घड्याळ बंद होतं. नळ सुटला नाही. बस येऊन गेली, घर मुकंच राहिलं.

आई घरी पोचली तेव्हा भिंगरीचा म्हातारा बाप दाराशी आपल्या अंथरुणावर बसला होता. पोर गेल्यापासून तो कामापुरतंच बोलायचा.

"मशीन बदलायचं म्हणतो घड्याळजी. करू ना, अहो?"

"नको."

"नको? तुम्हाला काय कळणार... तुम्हाला ऐकूच येत नाही ते..."

"येतं." त्याचा आवाज पार खाली गेला. "तू आत निजतेस. तुला नळ ऐकू येतो, वास येतो. मी दाराशी असतो. माझ्या अंगावरून जाते ती, धापा टाकत. आणि हॉर्न वाजला की... कोपऱ्यावरून तिची हाक येते. एकदाच. 'बाबा...' अशी." त्याने चेहरा झाकून घेतला. "अगं, रोज मरते आपली पोर. तू घड्याळ चालू केलंस की उद्या पुन्हा..."

आई भिंतीला टेकून खाली बसली. आपण लेकीला धरून ठेवलंय असं तिला वाटत होतं. आणि आपणच तिला रोज त्या चाकाखाली धाडत होतो? घड्याळ चाललं तर पोर मरणार. नाही चाललं तर पोर यायचीच नाही. आईने काय करावं, तुम्हीच सांगा.

दिवस कलायच्या आत ती परत गेली.

"काय म्हणाली लेक?" घड्याळजीने विचारलं.

"राहू दे म्हणाली."

बंद घड्याळ तिने पुन्हा खिळ्याला अडकवलं. काचेवर तळहात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. "आता नको जाऊस, बाळा. नीज."

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजूला दोघंही जागी होती. नळ नाही, वास नाही. कोपऱ्यावर हॉर्न वाजला. बस थांबली, निघाली, तिचा आवाज लांब विरत गेला. हाक आली नाही.

"सुटली," म्हातारा म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडला.

तेवढ्यात बाहेरून पावलं आली. घाईची नव्हेत... सावकाश. चट्... चट्... चट्... दोन्ही पायांची. दारापाशी थांबली. कडी हलली नाही, दार उघडलं नाही. पण साबणाचा वास आत आला. आईच्या अंथरुणाची कड हळूहळू खाली दबली, आणि अगदी कानाशी, दमलेल्या आवाजात...

"आई... चुकली गं बस."

आईने हात पुढे केला. हाताला कुणी लागलं नाही. उशी तेवढी ओली होती, बर्फासारखी गार.

चांगलं उजाडल्यावर म्हाताऱ्याने तिला दाराशी बोलावलं. कडी आतून लावलेली, तशीच होती. उंबऱ्याच्या आत चपलांची जोडी होती. दुसरीला लागलेला रस्त्याचा चिखल अजून ओला होता, आणि दोन्हींची टोकं घराकडे होती.